क्लॅट पुन्हा द्यावी का? ६२.७५ आले, कॉलेज मिळतंय पण मन होत नाहीये (नागपूर)

पाऊसवेडी | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार. लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी नागपूरची, त्रिमूर्ती नगर. डिसेंबरमध्ये क्लॅट, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा दिली, १२० पैकी ६२.७५ आले. ओपन, डोमिसाइल महाराष्ट्राचं. वारंग्याचं आपलं एमएनएलयू (महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी) मिळावं एवढीच इच्छा होती, बंगलोर-हैदराबाद मी कधी मनात पण आणलं नव्हतं, पण एकामागून एक याद्या लागत गेल्या आणि माझी रँक शेवटच्या आकड्याच्या बरीच मागे राहिली. बारावी आर्ट्सला ७८ टक्के आहेत. राज्याची प्रवेश परीक्षा, एमएच सीईटी लॉ, पण दिली होती, तिथे बरे मार्क आहेत, म्हणजे नागपुरातल्या युनिव्हर्सिटीच्या लॉ कॉलेजला पाच वर्षांच्या कोर्सला नंबर लागेल असं दिसतंय.

घरी रोज रात्री जेवताना हाच विषय. बाबा एका दुकानात अकाउंट्स बघतात, त्यांचं म्हणणं आहे की मिळतंय ते कॉलेज घे, वकील इथूनही होतात. आई म्हणते एक वर्ष थांब, तुला पुढे पन्नाशीपर्यंत वाटत राहील की दिली असती तर. आणि ज्या क्लासला मी जात होते तिथून तीनदा फोन आला, रिपीटर बॅचमध्ये या आठवड्यात पैसे भरले तर सूट म्हणून.

मी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होते, अकरावीत इंग्लिश झालं. पेपरात मला प्रश्न कळत नव्हते असं नाही, पण वेळ कसा गेला ते समजलंच नाही, शेवटी गोल रंगवत सुटले. मागच्या रविवारी मामाकडे बुटीबोरीला जाताना वारंग्याकडे जायचा रस्ता आला आणि मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसले, तेव्हा लक्षात आलं की हे अजून संपलेलं नाहीये माझ्यासाठी. पण वर्ष वाया गेलं तर? ज्यांनी पुन्हा दिली आहे त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

विदर्भवीर | रविवार, रात्री १०:५८

टेन्शन काहून घेऊन राहिली? क्लॅटला वयाची अट नाही, किती वेळा द्यायची त्याची पण नाही. बारावीला ओपनला ४५ टक्के लागतात, तुझे तर ७८ आहेत. दे बिनधास्त!

महालचे मास्तर | रविवार, रात्री ११:२०

बाळ, देता येते हे ठीक आहे, पण द्यावी का हे तुझ्या ६२.७५ वरून कोणालाच सांगता यायचं नाही. एकाच आकड्याच्या आत दहा वेगवेगळे पेपर असू शकतात. मी गणित शिकवतो, क्लॅटचा तज्ज्ञ नाही, पण आधी हिशोब मांड. ओएमआरची, म्हणजे गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, कॉपी आणि आन्सर की समोर घे आणि प्रत्येक सेक्शनचे बरोबर, चूक, सोडलेले असे तीन रकाने करून इथे टाक. आणि एक चौथा रकाना, जो कुठेच छापलेला नसतो: कोणते प्रश्न तू वाचून सोडवलेस आणि कोणते न वाचता रंगवलेस. तो तुला एकटीलाच माहीत आहे. तोपर्यंत क्लासला पैसे भरू नकोस.

काळा कोट | सोमवार, सकाळी ७:१५

मी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ज्युनिअर आहे, सहा वर्षं झाली. शिकलो नागपूर युनिव्हर्सिटीतच. तुझ्या बाबांची बाजू घ्यायला लिहितोय असं समज. सिव्हिल लाइन्सला रोज शेकडो फाइली उघडतात, एकाही अशिलाने आजपर्यंत मला विचारलं नाही की क्लॅटला किती होते. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचीच, ऑल इंडिया बारची परीक्षा सगळ्यांना तीच. शरद बोबडे सरन्यायाधीश झाले ते नागपूर विद्यापीठाचे, १९७८ चे एलएलबी. भूषण गवई, तेही सरन्यायाधीश झाले, अमरावतीचे, तिथेच लॉ केलं आणि बरीच वर्षं वकिली आपल्याच खंडपीठात. मग एमएनएलयू नाही मिळालं म्हणून एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं.

वारंगा वारी | सोमवार, सकाळी ९:०२

काळा कोट दादा, मान राखून सांगते, हे उदाहरण इथे लागू नाही पडत. १९७८ ला देशात एकही नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी नव्हती, पहिली बंगलोरची १९८७ ला आली, क्लॅट तर २००८ ला सुरू झाली. आपलं वारंग्याचं २०१६ ला सुरू झालं. त्या काळात हुशार मूल गावातल्याच लॉ कॉलेजला जायचं कारण दुसरा रस्ताच नव्हता. आज मोठ्या लॉ फर्म्स मुलं घ्यायला कुठे जातात ते बघा ना. मुंबई-दिल्लीच्या फर्ममध्ये कॉर्पोरेट काम करायचं असेल तर एनएलयूचा फरक पडतो, हे कोणी नाकारू नये.

मी इथे शिकते आहे, एक वर्ष ड्रॉप घेऊन, म्हणजे थांबून, दुसऱ्या प्रयत्नात आले. पाऊसवेडी, सविस्तर संध्याकाळी लिहीन, आत्ता लेक्चर आहे.

काळा कोट | सोमवार, दुपारी १:४०

बरोबर आहे, ती तुलना मी घाईत केली. फर्मचं पण मान्य, आमच्या बॅचमधून तिकडे गेलेले बोटावर मोजण्याएवढे. पण मग पाऊसवेडीने हे सांगायला हवं की तिला करायचं काय आहे. कोर्टात उभं राहायचंय की फर्ममध्ये बसायचंय? न्यायाधीशाची परीक्षा द्यायचीय? कोर्टात उभं राहायचं असेल तर नागपुरात शिकताना एक फायदा आहे, दुसऱ्या वर्षापासून संध्याकाळी एखाद्या चेंबरला जाऊन बसता येतं, फाइल कशी लावतात, नोटीस कशी काढतात, तारीख कशी मागतात हे सगळं पाचव्या वर्षापर्यंत हातात बसतं. पैसे मात्र सुरुवातीला फार कमी मिळतात, हे पण आत्ताच सांगून ठेवतो.

पाऊसवेडी | सोमवार, रात्री ९:३०

दादा, मला कोर्टात उभं राहायचंय. आजोबांची जमिनीची केस तालुक्याच्या कोर्टात माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होती, त्यांच्याबरोबर लहानपणी मी जायची, तिथूनच हे डोक्यात आलं. पण एमएनएलयू हवंय ते नोकरीसाठी नाही, मला वाटतं तिथे मूट कोर्ट (सरावाचे खटले), लायब्ररी, भांडून शिकवणारे लोक असं वातावरण मिळेल. कदाचित चूक असेल माझं.

मास्तर, सर, तुम्ही सांगितलेलं केलं. दोन तास लागले, बऱ्याच दिवसांनी तो पेपर उघडला.

इंग्लिश २४ पैकी १९ बरोबर, ५ चूक. जीके २८ पैकी १३ बरोबर, १५ चूक. लीगल ३२ पैकी २२ बरोबर, १० चूक. लॉजिकल २४ पैकी १५ बरोबर, ७ चूक, २ सोडले. मॅथ्स १२ पैकी ४ बरोबर, ४ चूक, ४ सोडले. म्हणजे ७३ बरोबर, ४१ चूक.

चौथा रकाना: लीगलचे शेवटचे दोन पॅसेज आणि लॉजिकलचे शेवटचे दोन, हे चार मी वाचलेच नाहीत. वीस प्रश्न. त्यातले दोन सोडले, अठरा नुसते रंगवले. हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

विदर्भवीर | सोमवार, रात्री ९:४४

४१ चूक म्हणजे सव्वादहा मार्क मायनसमध्येच गेले ना! तेवढे गोल रंगवले नसते तर ७३ झाले असते.

महालचे मास्तर | सोमवार, रात्री १०:३०

नाही विदर्भवीर, इथेच सगळी मुलं फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. चार पर्याय आहेत, बरोबरला १, चुकीला वजा पाव. आंधळेपणाने वीस प्रश्न रंगवले तर सरासरीने पाच बरोबर येणार, पंधरा चुकणार. पाच वजा पावणेचार म्हणजे सव्वा. नुकसान नाही, थोडा फायदाच. एखाद्या वेळी कमी जास्त होईल, पण न वाचता रंगवल्याने तिचे मार्क गेले असं हिशोब सांगत नाही. तिचे मार्क गेले ते वाचलं नाही म्हणून.

आता बघ पाऊसवेडी. इंग्लिश, लीगल, लॉजिकल मिळून ८० प्रश्न, त्यात तुझे ५६ बरोबर. न वाचलेल्या वीसमधून नशिबाने चार-पाच आले असतील ते काढून टाकू. राहिले ५१-५२, आणि ते वाचलेल्या ६० पैकी. म्हणजे तू जे वाचतेस त्यातलं शंभरात पंच्याऐंशी तुला बरोबर येतं! उरलेले चार पॅसेज तेवढ्याच बारकाईने वाचले असतेस तर सतरा बरोबर आले असते, चुकाही कमी झाल्या असत्या, सगळं धरून चौदा-पंधरा मार्कांचा फरक. जीकेला हात न लावता तू ७७ च्या आसपास असतीस.

मला तुझ्या पेपरात समजुतीचा दोष कुठेच दिसत नाही, कमी पडतोय तो वेग. आणि समजून घेण्यापेक्षा वेग वाढवणं सोपं असतं, हे मी तीस वर्षं मुलांकडे बघून सांगतो.

पाऊसवेडी | सोमवार, रात्री १०:५२

सर, हे वाचून मी रडले. मला गेले सहा महिने वाटत होतं की माझं इंग्लिशच कच्चं आहे आणि मी मराठी मीडियमची म्हणून हे होणारच नव्हतं.

वारंगा वारी | मंगळवार, रात्री १२:२०

उशीर झाला, सॉरी. मास्तरांनी माझं अर्धं काम केलं.

पाऊसवेडी, मी पण दहावीपर्यंत मराठी मीडियम. वेगाचं गणित मी माझ्या ड्रॉप वर्षात असं मांडलं होतं: १२० मिनिटं. जीकेच्या पॅसेजमध्ये उत्तर नसतंच, बातमी माहीत असेल तर येतं नाहीतर नाही, म्हणून २८ प्रश्न बारा मिनिटांत उरकायचे. मॅथ्सला अठरा मिनिटं, टक्केवारी आणि गुणोत्तराच्या पुढे फारसं काही नसतं त्यात. उरली नव्वद मिनिटं आणि ८० प्रश्न, पाच-पाच प्रश्नांचे साधारण सोळा पॅसेज. म्हणजे एकाला साडेपाच मिनिटं. पॅसेज साडेचारशे शब्दांपर्यंत असतो. तो अडीच मिनिटांत वाचून झाला तर पाच प्रश्नांना तीन मिनिटं राहतात, आणि वाचायलाच चार लागली तर मग पुढचं सगळंच ढकललं जातं. उद्या एक कर, मोबाइलवर घड्याळ लाव, कन्सोर्शियमच्या, म्हणजे क्लॅट घेणाऱ्यांच्या, साइटवर जुने पेपर आहेत त्यातले तीन पॅसेज प्रश्नांसकट सोडव आणि एकाला किती लागतं ते लिही. अंदाज नको.

माझं पहिल्यांदा काय झालं होतं सांगते, मी वाक्य मनात मराठीत करून मग पुढे जायची. आपल्याला कळत पण नाही की आपण ते करतोय. ते सुटायला मला पाच महिने लागले आणि कुठल्या क्लासने नाही सुटलं. रोज सकाळी एक इंग्लिश अग्रलेख, आधी घड्याळ लावून एकदा सरळ वाचायचा, मागे जायचं नाही, शब्द अडला तरी थांबायचं नाही. मग पेपर उलटा ठेवून त्या लेखकाला काय म्हणायचंय ते दोन ओळींत लिहायचं. पहिला महिना माझ्या दोन ओळी चुकीच्याच असायच्या, दुसऱ्यात जमायला लागलं, आणि नंतर कधीतरी लक्षात आलं की मधला मराठीचा टप्पा गेलाय.

लीगलसाठी एकच सांगते. नियम पॅसेजमध्येच दिलेला असतो, तुला बाहेरचा कायदा माहीत असेल तर तो विसरून जा. माझे पहिल्या वर्षी लीगलचे मार्क तिथेच गेले होते, मी घरून कलमं पाठ करून गेले होते आणि पॅसेजमध्ये वेगळंच लिहिलं होतं. जीकेचं म्हणशील तर १५ चूक म्हणजे तू शेवटच्या महिन्यात कोणाच्या तरी मंथली पीडीएफ पाठ केल्या असणार. बरोबर ना?

पाऊसवेडी | मंगळवार, सकाळी ६:४५

हो. नोव्हेंबरमध्ये अकरा पीडीएफ एकदम.

धंतोलीची काकू | मंगळवार, दुपारी ३:१०

मला दुसरी बाजू सांगू द्या, कारण सगळे चांगलंच सांगताहेत आणि माझ्या घरी चांगलं झालं नाही.

माझ्या मुलाने ड्रॉप घेतला. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं होतं, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना वाटलं की एवढंच तर वाढवायचंय. कुठे ॲडमिशन घेतली नाही, क्लास लावला, फी भरली. जुलैपर्यंत ठीक होतं. मग मित्र पुण्याला, मुंबईला गेले, त्यांचे हॉस्टेलचे फोटो येऊ लागले. ऑगस्टमध्ये त्याने मॉक, म्हणजे सराव पेपर, द्यायचे बंद केले. आम्हाला सांगायचा देतोय म्हणून. खोलीचं दार लावून बसायचा आणि मी बाहेरून समजायची अभ्यास चाललाय. डिसेंबरमध्ये तीन मार्क वाढले. फक्त तीन. आणि त्याच्यापुढे खरं कठीण होतं, क्लॅट डिसेंबरात संपते आणि कॉलेज उघडतं जुलै-ऑगस्टला, ते सात-आठ महिने पोराला उठायला कारण नव्हतं. आता तो बीए करतोय, नंतर तीन वर्षांचं लॉ करणार आहे, बरा आहे, हसतो बोलतो. पण ते वर्ष आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

बाळा, परीक्षा दे, जरूर दे, मास्तरांचा हिशोब मला पटला. पण रिकामी राहू नकोस, कॉलेजात नाव घाल. सकाळी कुठेतरी जायचंय, डबा घ्यायचाय, चार पोरींशी बोलणं होणार, याची किंमत घरात बसल्यावर कळते.

आणि ओपन म्हणालीस, बाबा दुकानात नोकरीला. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, सर्टिफिकेट काढलंय का? घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं आणि बाकीच्या अटी बसत असल्या तर बघ.

पाऊसवेडी | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

काकू, तुमच्या मुलाबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. त्याला माझ्याकडून शुभेच्छा सांगाल का?

ईडब्ल्यूएस नाही काढलं. क्लॅटचा फॉर्म भरताना असं काही असतं हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. सायबर कॅफेवाल्याने विचारलं कॅटेगरी काय, बाबा म्हणाले ओपन, त्याने टिक केलं.

सकाळची मेट्रो | मंगळवार, रात्री ८:३०

ईडब्ल्यूएसबद्दल: आर्थिक वर्षापुरतंच चालतं ते, दरवर्षी नवीन काढावं लागतं, आणि राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा, कुठे कोणता मागितलाय ते वाचूनच अर्ज कर. प्रत्येक युनिव्हर्सिटीचं सीट मॅट्रिक्स बघ, डोमिसाइलच्या जागा आणि ईडब्ल्यूएसच्या जागा त्यात दिलेल्या असतात. आणि दुसरं, २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारचा जीआर आला आहे. ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतली असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ. म्हणजे नागपुरातलं कॉलेज तुला जवळपास फुकट पडू शकतं. एनएलयूची फी वर्षाला लाखांत असते, हे पण बाबांशी बोलताना समोर ठेव, लपवू नको.

मी कॉलेज करता करता क्लॅट पुन्हा दिली होती, लोकमान्य नगरहून सकाळच्या मेट्रोने सीताबर्डी आणि पुढे. म्हणून सांगते की हे पण सोपं नाही. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते. आणि नागपूर युनिव्हर्सिटीच्या हिवाळी परीक्षा क्लॅटच्याच सुमारास येतात, मला नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडून ताण आला होता. पॉलिटिकल सायन्सच्या नोट्स आणि मॉक एकाच टेबलवर.

विदर्भवीर | मंगळवार, रात्री ८:४१

मग हे दोन डगरींवर पाय ठेवणं झालं ना. एक तर पूर्ण कर नाहीतर सोडून दे.

सकाळची मेट्रो | मंगळवार, रात्री ९:१५

मला पण सगळे हेच म्हणायचे. पण विचार करा, क्लॅटसाठी तिला दिवसाला किती वेळ लागणार आहे? सिलॅबस नवीन नाहीच. एक तास वाचन, एक तास बातम्या आणि नोट्स, अर्धा तास मॅथ्स, रविवारी मॉक आणि त्याच्यावर दोन तास. हे नीट-जेईईसारखं बारा तासांचं काम नाही. तीन तास रोज, पण रोज. मी मधले बावीस दिवस सोडले होते, घरात लग्न होतं, आणि त्याचा मला फटका बसला, तीनशे-चारशे रँकने माझं हुकलं. मी कॉलेजमध्येच राहिले, आता तिसऱ्या वर्षाला आहे, मूट कोर्टला बाहेरगावी जाऊन आले. पुन्हा दिली याचं दुःख नाही, बावीस दिवसांचं आहे.

आणि हे पण माहीत असू दे की पुढच्या वर्षी एनएलयू मिळालं तर पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. इथलं वर्ष तिकडे धरत नाहीत. टीसी, मायग्रेशन सगळं काढावं लागतं.

कळमेश्वरचा | बुधवार, सकाळी ११:००

फक्त क्लॅटच का पण? सिम्बायोसिसचं लॉ स्कूल वाठोड्यालाच आहे, २०१९ पासून, त्याची परीक्षा वेगळी, ६० प्रश्न ६० मिनिटं, मायनस नाही. दिल्लीच्या एनएलयूची आयलेट पण वेगळी. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज हे तर एमएच सीईटीतूनच आहेत, ती पुन्हा देऊन तिथे पण प्रयत्न होतो आणि तिच्यात पण मायनस नाही, प्रश्न मराठीतही असतात. एकच एक वारंगा धरून बसू नको.

पाऊसवेडी | बुधवार, रात्री १०:१५

धन्यवाद. सिम्बायोसिसची फी आम्हाला झेपणार नाही. सीईटी पुढच्या वर्षी पुन्हा देईन की नाही माहीत नाही, पुण्याला पाठवायला आजी तयार होणार नाहीत. पण आयएलएसचं लक्षात ठेवते.

वारंगा ताई, तीन पॅसेज घड्याळ लावून केले. ७ मिनिटं ५०, ७ मिनिटं २०, ७ मिनिटं ५५.

महालचे मास्तर | बुधवार, रात्री १०:४०

सरासरी ७ मिनिटं ४० सेकंद पकड. नव्वद मिनिटांत साडेअकरा-बारा पॅसेज होतात. सोळातून चार राहतात. तुझ्या चौथ्या रकान्यात किती होते? चारच. हिशोब जुळला.

आता काकूंनी सांगितलं त्यावरून माझं एक म्हणणं. मुदत ठरव, पण मार्कांवर ठरवू नकोस. पेपर दर वर्षी सारखा कठीण नसतो, क्लासवाले मॉक कधी मुद्दाम अवघड काढतात कधी सोपे, त्या आकड्यांमागे लागलीस तर एक रविवार आनंदात जाईल आणि एक रडण्यात. तू फक्त एवढं मोज की सोळातले किती पॅसेज शांतपणे वाचून झाले. गणपतीपर्यंत चौदा व्हायला हवेत. दिवाळीपर्यंत सोळा. दिवाळीला बारा-तेराच असतील तर मग डिसेंबरची परीक्षा जाऊन देऊन ये, पण जोर हिवाळी परीक्षेवर दे. ते तेव्हा रात्री जागून ठरवायचं नाही, आज ठरवून कॅलेंडरवर लिहायचं, बाबांच्या समोर.

धंतोलीची काकू | गुरुवार, सकाळी ८:२०

हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर. आणि बाळा, मॉक दिला की इथे नाहीतर आईला आकडा सांगायचा. लपवायचा नाही. माझा मुलगा लपवत होता तेव्हा एकटा पडला होता तो.

मुलाला तुझं वाचून दाखवलं. त्याच्याकडे बातम्यांच्या वह्या आहेत, पहिल्या पाच महिन्यांच्या फार सुंदर काढल्या होत्या त्याने. जुन्या झाल्या, पण नोंद कशी करायची ते बघायला देतो म्हणाला.

काळा कोट | गुरुवार, रात्री ९:५०

पाऊसवेडी, कॉलेज नागपुरात घेतलंस तर सुट्टीच्या दिवसांत एकदा हायकोर्टात येऊन मागे बसून सुनावणी ऐक. युक्तिवाद इंग्लिशमध्येच चालतो, न्यायमूर्ती मध्येच प्रश्न विचारतात आणि वकिलाला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. तुला वेगाचं जे शिकायचंय ते तिथे पण ऐकून कानात बसतं. पहिले काही दिवस अर्धं कळणार नाही, माझंही तसंच झालं होतं. आणि आजोबांच्या केसचं काय झालं पुढे?

पाऊसवेडी | गुरुवार, रात्री १०:३०

निकाल लागला दादा, आमच्या बाजूने. पण आजोबा तेव्हा नव्हते.

वारंगा वारी | गुरुवार, रात्री ११:०५

पाऊसवेडी, तू वातावरणाचं लिहिलं होतंस ते चूक नाहीये. इथे खरंच भांडून शिकवणारे लोक आहेत आणि रात्री लायब्ररीतून परत येताना पण मुलं एखाद्या जजमेंटवर वाद घालत असतात. मला वाटतं तू इथे शोभशील. ये.

पाऊसवेडी | रविवार, संध्याकाळी ७:२५

अपडेट देते. काल बाबांना मास्तरांचा हिशोब कागदावर लिहून दाखवला. न वाचलेल्या चार पॅसेजचं पण सांगितलं. बाबा हिशोबाचीच माणसं आहेत, त्यांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः सगळं पुन्हा केलं, मग म्हणाले की हे तू आधी का नाही दाखवलंस, मला वाटत होतं तू हट्ट करून राहिली आहेस.

तर असं ठरलंय. कॅपमध्ये नागपूरचं लॉ कॉलेज पहिल्या नंबरला टाकणार, मिळालं की ॲडमिशन घेणार. रिपीटर बॅच नाही, क्लासला सकाळी फोन करून नाही सांगितलं, फक्त मॉकची टेस्ट सिरीज घेणार. डिसेंबरमध्ये क्लॅट देणार. आणि पुढच्या वर्षी नंबर लागला तर इथलं एक वर्ष सोडून तिकडे जायचं, हे बाबांनी मान्य केलंय. आई म्हणाली मग माझं पण झालं आणि तुझ्या बाबांचं पण झालं.

कॅलेंडरवर गणपतीच्या पानावर १४ आणि दिवाळीच्या पानावर १६ लिहिलंय, लाल पेनाने. आजी विचारत होती हे कसले आकडे, एकादशी आहे का.

आजचे तीन पॅसेज: ७ मिनिटं १०, ७ मिनिटं २५, ६ मिनिटं ५०. दोन ओळी लिहिल्या त्यातल्या एका पॅसेजच्या चुकल्या.

उद्या सेतूमध्ये जाते ईडब्ल्यूएससाठी. काकू, कोणकोणते कागद लागतील माहीत आहे का?

धंतोलीची काकू | रविवार, संध्याकाळी ७:४०

बाबांच्या उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, तुझी शाळेची टीसी, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही ने. आधी खिडकीवर यादी मागून घे, दर वेळी काहीतरी वेगळं सांगतात. आणि लवकर जा, दहाच्या आत, नंतर रांग रस्त्यापर्यंत येते.